लाल गोळीमागच्या डॉक्टरीणबाई

सोलापूर जिल्ह्याच्या टोकाला, अक्कलकोट तालुक्यात कर्नाटकाच्या सीमेजवळ मैंदर्गी आहे. मराठी आणि कानडी एकाच ओसरीवर बोलली जाते असे हे गाव. इथल्या एखाद्या घरात सुनेला चौथा महिना लागला की आशाताई किंवा परिचारिका तिच्या हातात लाल गोळ्यांची पाकिटे ठेवते आणि रोज एक घ्यायला सांगते. पुढचे मात्र घराघरावर अवलंबून असते. कुठे गोळी नियमाने घेतली जाते. कुठे मळमळते म्हणून पाकीट फळीवर पडून राहते. कुठे गोळीने बाळ फार मोठे होते आणि बाळंतपण अवघड जाते, असे शेजारीण सांगून जाते आणि गोळी बंद होते.

या लाल गोळीत दोन गोष्टी असतात : लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड. लोहाचे नाव आता सगळ्यांना माहीत झाले आहे. फॉलिक अ‍ॅसिडचे नाव मात्र अनेकींच्या तोंडी बसलेले नाही. या दुसऱ्या घटकाची कथा सुरू होते ती मुंबईच्या परळमध्ये, सुमारे शंभर वर्षांपूर्वी. तिची नायिका एक इंग्रज डॉक्टर होती. गिरणगावातल्या गरोदर बायका पांढऱ्याफटक का पडतात आणि बाळंतपणात का दगावतात, हे शोधायला ती आली होती. तिचे नाव ल्युसी विल्स.

पदवी नाही, पण शिक्षण आहे

ल्युसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड इथे झाला. घरचा धंदा विळे-कोयते आणि इतर धारदार अवजारे बनवण्याचा. वडील विज्ञानाचे पदवीधर होते, आईचे वडील डॉक्टर होते. मुलींनी शिकावे की नाही यावर इंग्लंडमध्येही तेव्हा वाद होता. पण या घरात तो नव्हता. ल्युसींना मुलींच्या नामांकित चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात घातले गेले. १९०७ साली त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात गेल्या आणि वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र शिकल्या. १९११ साली त्यांनी शेवटची परीक्षा दिली आणि उत्तीर्णही झाल्या. पदवी मात्र मिळाली नाही. केंब्रिज तेव्हा बायकांना परीक्षेला बसू देई, पण पदवी देत नसे.

पुढची दोन-तीन वर्षे दुःखाची गेली. वडील वारले, पाठोपाठ तरुण बहीण गेली. १९१४ साली ल्युसी धाकट्या भावासोबत दक्षिण आफ्रिकेत होत्या, तेव्हा पहिले महायुद्ध सुरू झाले. भाऊ सैन्यात भरती झाला आणि ल्युसींनी काही आठवडे केपटाऊनच्या रुग्णालयात रुग्णसेवा केली. इंग्लंडला परतल्यावर, जानेवारी १९१५ मध्ये, त्यांनी लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयाशी जोडलेल्या महिला वैद्यकीय विद्यालयात नाव घातले. १९२० साली त्या डॉक्टर झाल्या तेव्हा वय होते बत्तीस.

या विद्यालयाचे हिंदुस्थानशी जुने नाते होते. इथे शिकलेल्या अनेक डॉक्टरीणबाई हिंदुस्थानातल्या जनाना रुग्णालयांत काम करायला येत आणि हिंदुस्थानातल्या मुलीही शिकायला तिथे जात. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या आणि पुढे मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख झालेल्या डॉ. जेरुशा झिराड याच काळात तिथे होत्या.

डॉक्टर झाल्यावर ल्युसी विल्स यांनी दवाखाना थाटला नाही. रॉयल फ्रीमध्येच गरोदरपणात शरीरात होणाऱ्या रासायनिक बदलांवर त्यांनी संशोधन सुरू केले. दोन जिवांच्या बाईचे रक्त, तिचे अन्न आणि तिचे मूल यांचा हिशेब काय असतो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय झाला. या विषयामुळेच त्यांना मुंबईचे बोलावणे आले.

परळची प्रयोगशाळा, गिरणगावची बाई

बोलावणे पाठवणाऱ्या होत्या डॉ. मार्गारेट बाल्फोर. हिंदुस्थानातल्या महिला वैद्यकीय सेवेत त्यांनी अनेक वर्षे काढली होती. बाळंतपणात इतक्या बायका का मरतात याची पद्धतशीर चौकशी व्हावी, हा त्यांचा ध्यास होता. त्या काळच्या इंडियन रिसर्च फंड असोसिएशनने, म्हणजे आजच्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पूर्वरूपाने, ही चौकशी हाती घेतली होती. पुढे लेडी टाटा स्मारक न्यासाचीही मदत मिळाली. १९२८ साली ल्युसी विल्स मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत रुजू झाल्या. प्लेगच्या लसीसाठी प्रसिद्ध असलेली ही संस्था गिरण्यांच्या भोंग्यांच्या टप्प्यातच होती.

समोर आलेला आजार विचित्र होता. गरोदरपणाच्या उत्तरार्धात बाई अशक्त होत जाई. चेहरा फिका पडे, पाय सुजत, जीभ लाल होऊन सोलवटे, धाप लागे, जुलाब होत. रक्त तपासले तर तांबड्या पेशींची संख्या धोकादायक पातळीपर्यंत घसरलेली असे. त्यातून मूल पोटात जाई, नाहीतर बाळंतपणात बाई जाई. गिरण्यांत राबणाऱ्या आणि दाटीवाटीच्या वस्त्यांत राहणाऱ्या गरीब बायकांत हा आजार जास्त होता.

सूक्ष्मदर्शकाखाली आणखी एक गोष्ट दिसे. लोह कमी पडले की तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात. या बायकांच्या पेशी उलट नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. संख्येने थोड्या, आकाराने फुगलेल्या आणि अर्धवट वाढलेल्या. म्हणजे या बायकांना नुसते लोह देऊन भागणार नव्हते. अशाच मोठ्या पेशी परनिशस अ‍ॅनिमिया नावाच्या एका जीवघेण्या आजारात दिसत. त्यावर दोनच वर्षांपूर्वी, १९२६ साली, अमेरिकेतल्या मायनॉट आणि मर्फी या डॉक्टरांनी रोज भरपूर कलेजी खायला घालण्याचा उपाय शोधला होता. पण मुंबईतल्या आजारी बायका तरुण होत्या, गरोदर होत्या आणि बाळंतपणानंतर वाचल्या तर पुष्कळदा आपोआप सुधारतही होत्या. म्हणजे आजार दिसायला तसाच, पण जातीने वेगळा असावा.

विल्स यांनी आधी जंतुसंसर्गाची शक्यता तपासली. तसा पुरावा मिळाला नाही. मग त्या प्रयोगशाळेबाहेर पडल्या आणि चुलीपर्यंत गेल्या. डॉ. तळपदे यांच्यासह त्यांनी मुंबईतल्या वेगवेगळ्या समाजांच्या आणि आर्थिक थरांच्या बायका काय खातात, कशा राहतात, याची पाहणी केली. ती १९३० साली प्रसिद्ध झाली. त्या काळी रक्ताच्या आजाराचे कारण बाईच्या ताटात शोधणे ही नेहमीची रीत नव्हती. पाहणीतून चित्र स्पष्ट झाले. ज्यांचे जेवण सर्वांत निकस, त्यांच्यात हा पंडुरोग सर्वांत जास्त. आणि त्यात गरीब मुस्लिम बायकांची अवस्था सर्वांत वाईट होती. आजार जातीचा किंवा धर्माचा नव्हता, तो ताटातल्या उणिवेचा होता.

उंदरांनी दिलेला चकवा

ताटात काहीतरी कमी आहे, एवढे कळले. पण काय? १९२९ साली काही महिने विल्स निलगिरीतल्या कुन्नूरला गेल्या. तिथल्या पाश्चर संस्थेत रॉबर्ट मॅक्कॅरिसन हे आहारशास्त्रज्ञ हिंदुस्थानी आहारावर काम करत होते. तिथे विल्स यांनी पांढऱ्या उंदरांना गरीब बायकांच्या जेवणासारखेच निकस अन्न द्यायला सुरुवात केली. उंदरांना रक्तक्षय झाला. अन्नात यीस्ट मिसळले, म्हणजे पाव आणि बिअर फुगवणारे किण्व, तर तो टळला. ‘ब’ गटातले एखादे जीवनसत्त्व कमी पडत असावे, असा निष्कर्ष हाताशी आला.

पण त्यात एक खोट निघाली. उंदरांच्या अंगावरच्या उवांतून बार्टोनेला नावाचा जंतू त्यांच्या रक्तात शिरत होता आणि तोही रक्तक्षय घडवत होता. म्हणजे उंदरांचा आजार नेमका अन्नामुळे किती आणि जंतूमुळे किती, हे सांगता येईना. विल्स आणि त्यांच्या सहकारी डॉ. मेहता यांनी ही गोष्ट झाकली नाही. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच बार्टोनेलाचे नाव घातले. पुढे माकडांवर प्रयोग झाले. त्यांनाही निकस अन्नाने मोठ्या पेशींचाच पंडुरोग झाला. या वेळी पुरावा भक्कम होता.

मात्र गरोदर बायकांना वाट पाहायला वेळ नव्हता. यीस्ट उपयोगी पडते असे दिसत होते, तर ते त्यांना स्वस्तात कसे द्यायचे? उत्तर वाण्याच्या दुकानात मिळण्यासारखे होते. इंग्लंडमध्ये बिअर गाळून उरलेल्या यीस्टपासून मार्माइट नावाचा पदार्थ करत. काळपट, खारट, चिकट, काकवीसारखा दिसणारा आणि पावाला लावून खायचा. कलेजीच्या अर्कापेक्षा तो कितीतरी स्वस्त होता. शिवाय मांस न खाणाऱ्या बाईलाही चालणारा.

मुंबईतल्या आजारी बायकांना विल्स यांनी मार्माइट द्यायला सुरुवात केली आणि रक्त तपासत राहिल्या. परिणाम थोड्याच दिवसांत दिसू लागला. अस्थिमज्जेतून कोवळ्या तांबड्या पेशी रक्तात येऊ लागल्या, पाठोपाठ एकूण पेशींची संख्या चढली. भूक परतली, धाप कमी झाली. मरणाच्या दारात असलेल्या बायका उठून बसल्या. जून १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये विल्स यांनी हे निष्कर्ष मांडले. त्याच वर्षी मद्रासच्या कास्ट अँड गोशा रुग्णालयातही त्यांनी काम केले. हेच रुग्णालय आज कस्तुरबा गांधींच्या नावाने ओळखले जाते.

नाव नसलेला घटक

यीस्टमध्ये नेमके काय आहे, हे त्या वेळी कोणालाच माहीत नव्हते. १९३३ पर्यंत विल्स यांचे मुख्य काम हिंदुस्थानातच चालले. त्यानंतर लंडनला परतून त्यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा सोडला नाही. १९३७ च्या अखेरीस त्या काही आठवड्यांसाठी पुन्हा इकडे आल्या. या वेळी बोटीऐवजी विमानाने, इंग्लंडच्या साउथॅम्प्टनहून कराचीपर्यंत पाच दिवसांचा टप्प्याटप्प्याने प्रवास करून.

या वर्षांतले त्यांचे सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण बारीक होते. कलेजीचा कच्चा, फार शुद्ध न केलेला अर्क दिला की गरोदर बायकांचा पंडुरोग बरा होई. तोच अर्क जास्त शुद्ध करून दिला की परनिशस अ‍ॅनिमिया बरा होई, पण या बायकांना गुण येत नसे. याचा अर्थ कलेजीत दोन निरनिराळी औषधे होती आणि शुद्ध करताना त्यातले एक निघून जात होते. ते निघून जाणारे औषध यीस्टमध्ये भरपूर होते. नाव नसल्यामुळे त्याला विल्स घटक म्हटले जाऊ लागले.

१९४१ साली अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात शास्त्रज्ञांनी कित्येक टन पालक वाटून, गाळून, आटवून त्यातून एक पदार्थ वेगळा केला. पानांतून मिळाला म्हणून लॅटिनमधल्या पानाच्या शब्दावरून त्याला फॉलिक अ‍ॅसिड असे नाव पडले. तो प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या तयार झाला तो लेडर्ली कंपनीत, १९४५ च्या सुमारास. तिथल्या संशोधनाची धुरा होती आंध्रच्या भीमावरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे. परळमध्ये सुरू झालेल्या कोड्याचे उत्तर हाती आले तेव्हा तिथेही एक हिंदुस्थानी माणूस होता. दुसरे औषध, म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व, १९४८ साली सापडले. विल्स यांनी दोघांत ओढलेली रेघ बरोबर ठरली.

आता आजाराचेही गणित उलगडले. पेशीला दोन व्हायचे असेल तर आपल्या गुणसूत्रांची, म्हणजे डीएनएची नक्कल करावी लागते. त्यासाठी फोलेट लागते. फोलेट कमी पडले की अस्थिमज्जेतली पेशी वाढते, फुगते, पण दुभंगत नाही. म्हणून पेशी मोठ्या आणि थोड्या. गरोदरपणात तर पेशी बनवण्याचा कारखाना रात्रंदिवस चालतो : पोटात बाळ वाढते, वार वाढते, आईच्या रक्ताचे आकारमानही बरेच वाढते. एरवी जेमतेम पुरणारे फोलेट अशा वेळी तोकडे पडते. बाळंतपण झाले की ओढ कमी होते. काही बायका आपोआप का सुधारत होत्या, त्याचेही उत्तर यातच होते.

बॉम्ब, रेशन आणि लोहाच्या गोळ्या

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विल्स लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात होत्या. १९३८ पासून तिथल्या विकृतिशास्त्र विभागाचे काम त्या पाहत होत्या. तिथला रक्तशास्त्र विभागही त्यांनीच उभा केला. शहरात अन्न रेशनवर होते. या तुटपुंज्या शिध्याचा आणि नियमित दिलेल्या लोहाचा गरोदर बायकांच्या रक्तावर काय परिणाम होतो, याची तुलनात्मक चाचणी त्यांनी हाती घेतली. जुलै १९४४ मध्ये रुग्णालयावर जर्मनांचा उडता बॉम्ब पडला. माणसे दगावली, प्रयोगशाळेचे काम काही दिवस बंद पडले आणि मग पुन्हा सुरू झाले. चाचणीचे निष्कर्ष १९४७ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे आजच्या लाल गोळीतल्या दोन्ही घटकांवर, फॉलिक अ‍ॅसिडवर आणि लोहावर, या एकाच बाईने आयुष्यातली वर्षे घातली होती.

त्याच साली त्या निवृत्त झाल्या, पण थांबल्या नाहीत. जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका अशा ठिकाणी जाऊन आहार आणि रक्तक्षय यांची निरीक्षणे करत राहिल्या. त्यांनी लग्न केले नाही. डोंगर चढण्याची आणि बर्फावर घसरण्याची हौस होती. कामावर मोटारीऐवजी सायकलने जात. अखेरच्या दशकात लंडनच्या चेल्सी भागात मजूर पक्षाच्या नगरसेविका म्हणूनही त्यांनी काम केले. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. विल्स घटक हे नाव तोवर मागे पडले होते. फॉलिक अ‍ॅसिड हे नवे नाव रूढ झाले आणि ज्यांनी ते प्रथम रोग्यांमध्ये ओळखले, त्यांचे नाव पाठ्यपुस्तकांतल्या एखाद्या ओळीपुरते उरले.

पहिले अठ्ठावीस दिवस

त्यांच्या निधनानंतर या घटकाचे आणखी मोठे महत्त्व कळले. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीतून घडतो, ती मज्जानलिका गर्भधारणेनंतर साधारण अठ्ठावीस दिवसांत बंद होते. ती नीट बंद झाली नाही तर मणका उघडा राहतो किंवा मेंदू घडतच नाही. १९९१ साली सात देशांतल्या तेहतीस केंद्रांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. आधीच्या बाळाला असे व्यंग होते, अशा बायकांना गर्भधारणेआधीपासून फॉलिक अ‍ॅसिड दिले तर पुढच्या बाळात ते व्यंग येण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले.

यातली अडचण अशी की, पहिल्या अठ्ठावीस दिवसांत पुष्कळ बायकांना आपल्याला दिवस गेले आहेत हेच माहीत नसते. पाळी चुकून डॉक्टरांकडे जाईपर्यंत ती नळी बंद झालेली असते, नाहीतर उघडी राहून गेलेली असते. म्हणून मूल हवे असे ठरले की तेव्हाच फॉलिक अ‍ॅसिड सुरू करावे, असे डॉक्टर सांगतात. आधीच्या बाळाला असे व्यंग असेल, फिट्सची औषधे चालू असतील किंवा मधुमेह असेल, तर मात्रा वेगळी लागू शकते. ती डॉक्टरांनीच ठरवायची असते.

आपल्याकडे पहिल्या तीन महिन्यांत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड आणि चौथ्या महिन्यापासून लाल गोळी दिली जाते. त्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असते. ती गरोदरपणात किमान १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस घ्यायची. देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायकांना आजही रक्तक्षय आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे प्रमाण ५२.२ टक्के होते. गोळी शोधून झाली, कारखान्यात बनली, गावापर्यंत पोचलीही. तिचा शेवटचा प्रवास फळीवरून तोंडापर्यंतचा उरतो.

त्या प्रवासातल्या अडचणी खऱ्या आहेत. लोहामुळे मळमळते, पोट साफ होत नाही, शौचाला काळे होते. काळे होणे हे गोळीतल्या लोहाचेच लक्षण आहे, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. रिकाम्या पोटी सोसत नसेल तर जेवणानंतर किंवा रात्री झोपताना घेता येते. चहासोबत मात्र घेऊ नये. चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबू, पेरू, आवळा यांनी ते अधिक शोषले जाते. गोळी घेतल्याने बाळ गैरवाजवी मोठे होते किंवा काळे जन्मते, यात तथ्य नाही. रक्तक्षयामुळे बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा आणि बाळंतपणातला रक्तस्राव आईला न सोसण्याचा धोका मात्र खरा आहे.

भाकरी, अंबाडी आणि ब-१२

विल्स ज्या ताटापासून निघाल्या, त्या ताटाकडे परत यायला हवे. गोळी आली म्हणून ताटाचे महत्त्व संपत नाही. सोलापूरकडच्या जेवणात या बाबतीत पुष्कळ जमेची बाजू आहे. ज्वारीच्या भाकरीसोबत तुरीचे वरण, मुगाची उसळ, हरभऱ्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, मेथी, चुका आणि जिला सीमेवरच्या कानडी घरांत पुंडी म्हणतात ती अंबाडी. फोलेट पालेभाज्यांत, डाळी-कडधान्यांत आणि शेंगदाण्यात असते. पण ते पाण्यात विरघळते आणि फार शिजवले की नासते. भाजी उकळून पाणी फेकून दिले तर फोलेटही मोरीत जाते. भाजी आधी धुऊन मग चिरावी, थोड्या पाण्यात झाकून शिजवावी, उरलेले पाणी वरणात किंवा पिठात घालावे, एवढे केले तरी बरेच वाचते.

प्रश्न असतो तो या ताटातला वाटा कोणाला किती मिळतो, याचा. सगळ्यांचे जेवण झाल्यावर जी शेवटी बसते, तिच्या वाट्याला भाकरी आणि चटणी उरते. भाजी आणि वरण संपलेले असते. विल्स आणि तळपदे यांनी मुंबईत केलेली पाहणी आज एखाद्या घरात करायची तर घरात काय शिजले हे विचारून पुरणार नाही. गरोदर बाईच्या ताटात काय पडले, हे पाहावे लागेल.

विल्स यांनी वेगळ्या ओळखलेल्या दोन औषधांपैकी दुसऱ्याचीही आठवण इथे ठेवायला हवी. ब-१२ जीवनसत्त्व पालेभाजीत नसते, डाळीत नसते. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळते. पूर्ण शाकाहारी घरात दूधही चहापुरतेच येत असेल तर ब-१२ कमी पडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातर्फे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा जो दीर्घकालीन अभ्यास केला, त्यात सुमारे दोन तृतीयांश गरोदर बायकांत ब-१२ कमी आढळले. ज्यांचे फोलेट भरपूर पण ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत पुढे मधुमेहाकडे नेणारी लक्षणे अधिक दिसली. शिवाय नुसत्या फॉलिक अ‍ॅसिडने रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण ब-१२ च्या अभावाने नसांची होणारी हानी थांबत नाही. यावरून लाल गोळी सोडण्याचे कारण नाही. गोळी चालूच ठेवायची आणि शाकाहारी बाईने दूध-दह्याचा वाटा वाढवून, ब-१२ ची तपासणी किंवा पूरक मात्रा लागेल का, हे पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारायचे.

गिरणगावातल्या ज्या बायकांनी बोटातून रक्त काढू दिले आणि तो काळा, खारट, अनोळखी पदार्थ विश्वासाने खाल्ला, त्यांची नावे कुठे नोंदलेली नाहीत. त्यांच्यामुळे जे कळले, ते आज पाकिटातून मैंदर्गीच्या घराघरात येते आणि फुकट मिळते. पाकीट फळीवर दिसले तर घरातल्या कोणीही, सासूने, नवऱ्याने, नणंदेने, ते खाली काढून गोळी आणि पाण्याचा तांब्या तिच्या हातात द्यावा. आणि त्या दिवशी तिला पहिल्या पंगतीला बसवावे.